धुतलेलं पेट्रोल

आमच्या यज्ञेश्वरांना पेट्रोल धुवायची बुद्धी झाली ती गेल्या दिवाळीनंतर. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात स्वतःचा रुमाल धुवायची बुद्धी कधी झाली नाही, पण पेट्रोल मात्र धुतलं. तेही तीन-तीन पाण्यांतून.

यज्ञेश्वर म्हणजे माझे यजमान. बी.एस्सी. केमिस्ट्री, सन एकोणीसशे एकोणऐंशी, दुसरा वर्ग. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, फक्त वर्ग सोडून. पुढची छत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली, त्यामुळे रसायनशास्त्राशी संबंध उरला तो चहात साखर ढवळण्यापुरता. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. हे ट्रक घेऊन आले.

ट्रक हा त्यांचा शब्द. कारखान्याच्या कँटीनची भाजी आणणारा, पेट्रोलवर चालणारा, शहाण्णव सालचा छोटा टेम्पो आहे तो. कारखान्याने लिलावात काढला तेव्हा बोली लावायला हे एकटेच हजर होते, आणि तरी जिंकल्यासारखे घरी आले. कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन आजही त्याला टेम्पो म्हणतो आणि हे आजही त्याला थांबवून दुरुस्ती सांगतात.

त्या ट्रकाचा उपयोग एकच, माझे गुलाब. लोणी काळभोरला आमची तीन गुंठे जागा आहे. तिथे पत्र्याची एक खोली, विहिरीतला पाण्याचा वाटा आणि माझी एकशे चाळीस झाडं. जागा राखायला शेजारचा कचरू आहे. खत न्यायचं, कुंड्या आणायच्या, जानेवारीत फुलं प्रदर्शनाला पोचवायची, ही कामं ट्रक करतो. त्याबद्दल मी त्याला आणि त्याच्या मालकाला सहन करते.

सहन करण्याची माझी एक पद्धत आहे, ती सांगून ठेवते. यज्ञेश्वर बोलायला लागले की मी माझं काम चालू ठेवते आणि दर अर्ध्या मिनिटाने 'हूं' म्हणते. ही विद्या मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शिकले. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन, की मला विचारल्याशिवाय हा माणूस काहीही करत नाही. पण विचारतात ते व्याख्यानाच्या शेवटी, आणि तिथपर्यंत कोण जागं राहतं?

त्यांची दुसरी खोड म्हणजे काहीही टाकायचं नाही. आमच्या फ्रीजमध्ये अर्धं लिंबू ठेवलं तरी त्याला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि खाली अक्षर गिरवून 'टाकू नये'. माझ्या सासूबाईंच्या दाताची कवळी अजून एका डबीत आहे. तिच्यावरही तसंच लिहिलं आहे. कोण टाकायला बसलंय, कोण जाणे.

तर पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. बिनइथेनॉलचं एक भारीतलं मिळतं म्हणतात, पण त्याचा भाव ऐकून हे पंपावरूनच परत फिरले होते. नव्या गाड्यांना या मिश्रणाचं काही वाटत नाही, त्या तशाच घडवलेल्या असतात. शहाण्णव सालचा ट्रक मात्र कुरकुरायला लागला. सकाळी चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा, चढावर धापा टाकायचा, आणि दसऱ्याला त्याचा पेट्रोलचा रबरी पाइप फुगून, मऊ होऊन गळायला लागला.

कुणाही शहाण्या माणसाने मेकॅनिकला विचारलं असतं. पण पुण्यात शहाणा माणूस दुसऱ्याला विचारत नाही, हीच तर त्याची ओळख. यज्ञेश्वरांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि त्यांच्यातला दुसरा वर्ग जागा झाला.

"मंदा, इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त प्रिय असतं," जेवताना ते म्हणाले. "पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्यात जातं. पाणी जड, ते खाली बसतं. खालून तोटीने काढून टाकायचं. वर उरतं ते शुद्ध पेट्रोल. एकोणऐंशी सालचं."

मी हूं म्हटलं आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पाण्याच्या मोठ्या जारला तोटी बसवून प्रयोग सुरू झाला. पेट्रोल ओतायचं, पाणी ओतायचं, जार दोन्ही हातांनी कवटाळून हलवायचा, स्टुलावर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. नातवाकडेही त्यांनी इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सोसायटीने जिन्याखाली पाटी लावली, 'येथे पेट्रोल धुऊ नये.' पुण्यात पाट्या खूप पाहिल्या, पण एकाच माणसासाठी लावलेली आणि तरीही नाव न घातलेली ही पहिलीच. त्यांना तिचा राग आला नाही. 'धुऊ' बरोबर लिहिलंय म्हणाले.

मग प्रयोगशाळा लोणीला हलली. दर शनिवारी आम्ही तिथे जायचो. मी झाडांना हात लावायची आणि हे पेट्रोलला आंघोळ घालायचे. खालून निघालेलं गढूळ पाणी निळ्या पिंपात साठवायचे, कारण टाकायचं काहीच नसतं. खोलीला पेट्रोलचा वास कायमचा चिकटला, इतका की पुढे पुढे मला तो येईनासाच झाला.

कचरू बांधावर बसून हे सगळं बघायचा. त्याचा स्वतःचा दीड एकर ऊस आहे.

"सायेब, ह्ये आमच्याच उसाचं हाय म्हनत्यात न्हवं पेट्रोलात?"

"उसाचंच. मळीपासून करतात."

"मंग दारूच की. गाडीला पाजली म्हून ती झिंगती, आन तुमी आंगूळ घालून उतरवताय. आमच्या हितं बायकाबी ह्योच इलाज करत्यात."

मी हसले. यज्ञेश्वरांनी त्याला पाण्याचं आणि पेट्रोलचं विशिष्ट गुरुत्व समजावून सांगितलं.

आता माझ्या गुलाबाबद्दल सांगते. थट्टा करायची नाही अशी माझ्या आयुष्यात जी दोन-चार माणसं नि वस्तू आहेत, त्यांतला तो एक.

अकरा वर्षांपूर्वी मी दोन जातींचा संकर करून फळ धरवलं, बी काढलं, पेरलं. शंभरावर रोपं आली आणि एकामागून एक निकामी निघाली. कुणाला भुरी धरायची, कुणाचं फूल मान टाकायचं. एक उरलं. त्याचं फूल पिवळं, पण पाकळीची कड विस्तवावर धरल्यासारखी तांबूस, आणि वास कापलेल्या आंब्याच्या जवळ जाणारा. हे झाड जगात दुसरीकडे कुठेही नाही. मी बढाई मारत नाही, ते माझ्या वाफ्यात जन्मलं म्हणून नाही, इतकंच.

एकच झाड ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा असतो, हे गुलाब लावणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच्या काडीवरचा डोळा काढून रानगुलाबाच्या खुंटावर भरायचा, म्हणजे दुसरं झाड तयार होतं. आदल्या वर्षी मी दोन डोळे भरले होते, दोन्ही दगावले. यंदा नोव्हेंबरात कचरू म्हणाला, "बाई, चार खुंट तयार हायती. डोळं भरून ठिवू." मी नको म्हटलं. काड्या कापल्या तर झाडाचा जोर विभागतो, फूल लहान येतं, आणि यंदा मला ते प्रदर्शनात मांडायचं होतं. घरी तयार केलेल्या नव्या वाणांचा तिथे वेगळा विभाग असतो. प्रदर्शन होऊ दे, मग डोळे भरू, म्हटलं. दुसऱ्यांचे मूर्खपणे मला लांबून दिसतात.

प्रदर्शन सतरा जानेवारीला, शनिवारी. टिळक रस्त्यावरच्या सभागृहात सकाळी नऊपर्यंत फुलं मांडायची, नऊच्या ठोक्याला दार बंद. रविवारी संध्याकाळी बक्षिसं. आम्ही शुक्रवारीच लोणीला मुक्कामाला गेलो. संध्याकाळी मी त्या झाडाशी बसून कळीवर कागदाची टोपी बांधत होते. दव पडलं की कडेची तांबूस रेघ डागाळते. दोरा दातांत धरलेला, श्वास रोखलेला. कळी अर्धी उमलली होती, सकाळपर्यंत बरोबर पाऊण उमलणार होती. अकरा वर्षांत असा योग आला नव्हता.

यज्ञेश्वर मागे उभे राहून बोलत होते. पिंप भरलं आहे, स्पिरिट उडून जातं, उसाचं आहे, मातीतलं मातीला, असं काहीतरी. मी हूं म्हटलं. पुन्हा काहीतरी विचारलं. दोऱ्याला गाठ बसत नव्हती. मी पुन्हा हूं म्हटलं.

सकाळी सहाला, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हा बॅटरीच्या उजेडात मी फूल कापलं. चांगला दीड हात लांब दांडा ठेवला, कारण दांड्यालाही गुण असतात. बादलीत कोमट पाणी, त्यात दांडा, बादली माझ्या पायांत. कचरूने बाहेरून ट्रकाचं दार ढकललं आणि आम्ही निघालो.

मांजरी गावापर्यंत ट्रक चालला. हडपसरच्या अलीकडे त्याने पहिला आचका दिला.

"थंडी आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

दुसरा आचका बसला तेव्हा मागच्या बसवाल्याने हॉर्न वाजवून आमचं कुळ काढलं. तिसऱ्या आचक्याला ट्रक पुढे उडी मारल्यासारखा झाला आणि मेला. बादली कलंडली. पाणी माझ्या साडीवर आणि फूल सीटखाली.

मी किंचाळले, हे कबूल करते. फूल उचलून आधी बॅटरीच्या उजेडात धरलं. पाकळ्यांना काही झालं नव्हतं. दांडा मात्र कोरडा पडला होता.

"शुद्ध पेट्रोल आहे," यज्ञेश्वर म्हणत होते. "शुद्ध पेट्रोलवर असं होता कामा नये."

नशीब एवढंच, की पन्नास पावलांवर एक गॅरेज नुकतं उघडत होतं. मालक अनिरुद्ध म्हणून, तिशीतला मुलगा. दुकानात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालत होता. फोटोपुढची उदबत्ती लावून झाल्यावर तो शांतपणे बाहेर आला आणि त्याने व यज्ञेश्वरांनी ट्रक ढकलत आत घेतला. त्याने कार्ब्युरेटरची वाटी खोलली आणि काचेच्या ग्लासात उपडी केली. ग्लासात तळाशी पाणी आणि त्यात गंजाची भुकटी.

"काका, पेट्रोल कुठं भरलं?"

"पंपावरच. पण मी ते धुऊन घेतो."

अनिरुद्धने ग्लास खाली ठेवला. "काय करता?"

मग यज्ञेश्वरांनी उभ्या उभ्या सगळी कृती सांगितली. अनिरुद्धने ती पूर्ण ऐकली, एकदाही हूं न म्हणता. शिकलेला मुलगा होता.

"काका, इथेनॉल काढलं ते बरोबर. पण त्याच्यासोबत पेट्रोलचा दमही गेला, म्हणून इंजिन ठोकतंय. आणि धुतलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब राहतातच. ते टाकीत खाली बसले, टाकी आतून गंजली. तुम्ही रोग काढून टाकला आणि त्याच्याहून मोठा घरी आणला."

"मग उपाय काय?"

"पाइप, वॉशर, पंपाचा पडदा. रबराचं जेवढं आहे तेवढं इथेनॉल सोसणारं बसवायचं, कार्ब्युरेटर थोडा सेट करायचा. दोन दिवसांचं काम. पंपावरचं पेट्रोल जसं आहे तसं घाला, जुना असला तरी चालेल हा. तुम्ही आधी कुणाला विचारलं नाहीत का?"

"कुणाला विचारणार?" मी म्हणाले. "पुण्यात यांच्याहून जास्त कुणाला कळतं?"

यज्ञेश्वरांनी तो ग्लास उचलून उजेडात धरला. घड्याळात आठला दहा कमी होते.

बसने जायचं तर बादली नेता येणार नव्हती. अनिरुद्धने पाण्याची बाटली दिली, पण दीड हाताचा दांडा बाटलीत ठेवला की बाटली कलंडायची. शिवाय कोरडा पडलेला दांडा पुन्हा कापल्याशिवाय पाणी ओढत नाही. मी गॅरेजच्या टेबलावर कात्री काढली आणि खालून वीतभर दांडा कापून टाकला. वीतभर म्हणजे निम्मे गुण. तो तुकडा टेबलावरून खाली ऑइलमध्ये पडला. मी यज्ञेश्वरांकडे बघितलं आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते तसं बोलले.

"अकरा वर्षं लागली या फुलाला. आणि तुम्ही अकरा आठवड्यांत सगळ्याची माती केलीत. तुम्ही बसा इथे. काय धुवायचं ते धुवा."

बसमध्ये चढताना मागे पाहिलं, तर ते गॅरेजात वाकून जमिनीवरून काहीतरी उचलत होते. एखादा वॉशर असेल. माझं फूल चाललं होतं आणि यांना वॉशरची पडली होती.

बसमध्ये मी बाटली छातीशी धरून उभी राहिले. कॉलेजची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही बसा, फ्लॉवरला धक्का लागेल." माझ्यासाठी नव्हे, फुलासाठी उठली, म्हणून मला ती आवडली. शेजारच्या बाईंनी "केवढ्याला घेतलंत?" असं विचारलं. मी म्हटलं, "अकरा वर्षांना." त्यांनी तोंड फिरवलं. स्वारगेटहून रिक्षा केली आणि नऊला सहा मिनिटं असताना फूल मांडलं.

रविवारी संध्याकाळी मला उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. आलात, बरं वाटलं, चहा पिऊन जा. परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रंग अपूर्व. दांडा आखूड.' पहिला आला तो एक फिका गुलाबी, लग्नाच्या पत्रिकेवर छापतात तसला. पण प्रदर्शनाचे कार्यवाह सुदर्शन लेले फुलापाशी बराच वेळ थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बक्षीस सोडा. असा रंग मी पाहिलेला नाही. पुढच्या महिन्यात या झाडाचे डोळे द्या. आमच्या बागेत वाढवू, तुम्ही म्हणाल त्या नावाने नोंदवू."

यज्ञेश्वर शेवटच्या रांगेत बसले होते. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि मग आजूबाजूला पाहून थांबवल्या. घरी आल्यावर जेवणानंतर ते फ्रीजपाशी उभे राहून काही बोलत होते. भाजीच्या खणात त्यांची आणखी एक पिशवी दिसली, चिठ्ठीसकट. मी शनिवारपासून त्यांच्याशी बोलत नव्हते. न बोलता हूं म्हणता येतं. मी म्हटलं.

सोमवारी ट्रक मिळाला. अनिरुद्धने टाकी धुऊन, नवे पाइप घालून दिला होता. पंपावरचं साधं पेट्रोल पिऊन तो मुकाट्याने चालू लागला, किल्लीच्या पहिल्या फेरीला चालू झाला, चढावर कुरकुरला नाही. यज्ञेश्वरही नाहीत. लोणीपर्यंत मांडीवरची जेवणाच्या डब्याची पिशवी एका हाताने घट्ट धरून होते, ती सोडायचे फक्त गिअर बदलण्यापुरती. मी मनात नाव शोधत होते. लेल्यांना द्यायचं होतं.

कचरू वाफ्यापाशी उभा होता. आम्हाला बघून त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कचरू टोपी काढतो ती मयताला.

"बाई, आदी हिकडं या."

माझं झाड उभं होतं, पण ते झाड राहिलं नव्हतं. पानं काळी पडून खाली लोंबत होती. काड्यांवर सुरकुत्या पडल्या होत्या. आळ्यात माती चिकट, काळपट, आणि वास. तो वास मला त्या दिवशी पुन्हा यायला लागला. शेजारची चार झाडंही माना टाकून होती, पण ती काय, बाजारात मिळतात.

कचरूने नखाने एक काडी खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं, ते तपकिरी होतं. दुसरी खरवडली. तिसरी खरवडली नाही.

"पिंपातलं पानी वतलंया कुनीतरी," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघत राहिला.

मी यज्ञेश्वरांकडे वळले. माझ्याकडे एक्केचाळीस वर्षांत साठवलेले शब्द होते. एकेक धार लावून ठेवलेला.

ते माझ्याकडे बघत नव्हते. झाडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता, शाळेत काचेची नळी फोडलेल्या मुलाचा पडतो तसा.

"स्पिरिट उडून जाईल असं वाटलं मला," ते म्हणाले. "थोडं पेट्रोलही असणार त्यात, ते लक्षात आलं नाही. मी तुला विचारलं होतं, मंदा. शुक्रवारी. हे पाणी गुलाबांना घालू का, म्हणून विचारलं. दोनदा."

"मग?"

"तू हूं म्हणालीस."

त्यांनी हे मला दोष द्यायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांना उभं-आडवं सोललं असतं. पण ते फक्त काय घडलं ते सांगत होते, जसं ते जारमध्ये काय घडतं ते सांगतात. मी वाफ्याच्या कडेला, त्या घाणेरड्या मातीत बसले आणि रडले. झाडासाठी रडले. थोडी स्वतःच्या अकलेसाठीही.

कचरू शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, परदर्शनातल्या फुलाची काडी कुटं हाय?"

"हॉलमध्येच राहिली. पण ती वरची, कोवळी. तिचे डोळे कुठले धरायला?"

"व्हय. खालची, जून काडी पायजे हुती."

खालची मी कापली होती. ती गॅरेजच्या ऑइलमध्ये पडली होती.

यज्ञेश्वर ट्रकाकडे गेले. मला वाटलं, आता हे जाणार आणि गाडीत बसून राहणार. ते जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन परत आले. पोळीभाजीच्या डब्याखालून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत ओला रुमाल. रुमालात गुंडाळलेली वीतभर काडी. ऑइल पुसलेलं, हिरवीगार. पिशवीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती. 'दि. १७ जानेवारी. गुलाबाची खालची काडी. डोळे तीन. टाकू नये. मंदाला विचारून कचरूकडे देणे.'

"गॅरेजात पडली होती," ते म्हणाले. "टाकवेना. काल रात्री तुला विचारलं, ही लोणीला नेऊ का. तू हूं म्हणालीस, म्हणून आणली."

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. रुमाल हाताने धुतलेला होता, हेही माझ्या लक्षात आलं. नीळ जास्त झाली होती.

कचरूने वेळ घालवला नाही. काडी उजेडात फिरवून पाहिली, अंगठ्याने डोळे चाचपले. "दोन झ्याक हायती. तिसऱ्याचं काय सांगता येत न्हाय." नोव्हेंबरात तयार केलेले खुंट बांधाच्या कडेला, पिंपापासून लांब उभे होते. त्याने पहिल्या खुंटाच्या सालीला इंग्रजी टीसारखी चीर दिली, डोळा सालीसकट सोलून काढला आणि चिरेत सरकवला. मी पट्टी गुंडाळली. डोळा धरला की नाही ते तीन आठवड्यांनी कळतं. त्याआधी कुणालाही काही कळत नाही. बी.एस्सी.लाही नाही आणि मलाही नाही.

तिसऱ्या खुंटाची पट्टी बांधत असताना यज्ञेश्वर मागे येऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. ऊन, सावली, गोणपाट, पश्चिमेचा वारा असं काहीतरी. दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं. सवयीने हूं ओठांपर्यंत आलं.

मी दोरा सोडला, वळले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणालात? नीट सांगा, ऐकते आहे."

ते इतके गांगरले, की काय विचारत होते तेच विसरले.